१३बी रोटरीवर रिडक्शन गिअरबॉक्स बसवताना: गिअरपेक्षा डँपर आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन आसनी घरबांधणीचं विमान, मॅझ्दाचं १३बी रोटरी इंजिन, टर्बो नाही. इंजिनाचे फेरे कमी करून प्रॉपेलरला देणारा प्लॅनेटरी रिडक्शन गिअरबॉक्स घ्यायचा आहे, पण २.१७ गुणोत्तराचा घ्यावा की २.८५ चा ते ठरत नाही. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सच्या मध्ये स्प्रिंगवाली चकती (डँपर) न घालता थेट घट्ट जोडणी केली तर वजन वाचेल, तसं करावं का? लायकॉमिंगच्या पिस्टन विमान-इंजिनावरून उतरवलेला धातूचा प्रॉपेलर हाताशी आहे, तो चालेल का? आणि जमिनीवर आयडलला खडखड येते असं सगळेच सांगतात, तिचं काय करायचं?

दोन उत्तरं लगेच देतो. घट्ट जोडणी करू नका. धातूचा प्रॉपेलर लावू नका. कारणं खाली येतील, कारण ती समजली की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी गुणोत्तर, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. माझ्या मते तो सगळ्यात सोपा भाग आहे. १३बीमध्ये ६५४ घन सेंटिमीटरचे दोन रोटर. एक्सेंट्रिक शाफ्टचे (पुढे ई-शाफ्ट म्हणतो) तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. म्हणजे टॅकोमीटरवर ७५०० दिसत असताना रोटर फक्त २५०० ने फिरतोय. पिस्टन इंजिनाची सवय असलेल्या माणसाला ७५०० हा आकडा ऐकून धडकी भरते. रोटरीला तिथे काही विशेष होत नाही. टॉर्क ढोबळमानाने १९० न्यूटन-मीटर धरा. ६००० आरपीएमला तो सुमारे १६० अश्वशक्ती देतो, ७५०० ला तोच टॉर्क टिकवला तर २००. म्हणजे जास्तीची ताकद हवी असेल तर ती फेऱ्यांतूनच येणार.

आता प्रॉपेलरकडून बघा. २.१७ ला इंजिन ६००० असताना प्रॉपेलर २७६५ ने फिरतो. २.८५ ला इंजिन ७५०० असताना २६३२ ने. ७४ इंची, म्हणजे १.८८ मीटरचा प्रॉपेलर घेतला तर टोकाचा वेग पहिल्या बाबतीत सेकंदाला २७२ मीटर, दुसऱ्यात २५९. ध्वनीचा वेग साधारण ३४०. दोन्ही चालण्यासारखे आहेत, पण २.१७ वर इंजिन ६००० च्या वर नेलंत की टोकं आवाज करू लागतात आणि ताकद हवेत वाया जाते. २.८५ वर इंजिन मोकळं फिरतं, क्रूझला ५७०० ठेवलं तर प्रॉपेलर २००० वर येतो आणि विमान लक्षणीय शांत होतं. मात्र कमी फेऱ्यांत तेवढीच ताकद शोषायची तर प्रॉपेलर मोठा किंवा जास्त पिचचा लागतो. तुमच्या विमानाचे पाय आखूड असतील आणि ६८ इंचांच्या वर जागाच नसेल, तर २.८५ चा फायदा हातचा जातो. जागा असेल तर मी डोळे झाकून २.८५ घेईन. फ्लोरिडातल्या ट्रेसी क्रूक यांनी १३बी लावलेलं स्वतःचं आरव्ही-४ विमान वर्षानुवर्षं उडवलं आणि फोर्डच्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमधले प्लॅनेटरी भाग वापरून आरडी-१ मालिकेचे गिअरबॉक्स बनवले. त्यांच्याकडेही २.१७ नंतर २.८५ आला, यात सगळं आलं.

दिशेची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. प्लॅनेटरी संचात मधोमध सन गिअर, बाहेर आतून दात असलेला रिंग गिअर, आणि दोन्हींमधले छोटे गिअर धरणारा कॅरिअर असतो. रिंग गिअर जखडून सन गिअरला ताकद दिली आणि कॅरिअरमधून घेतली, तर गुणोत्तर १ अधिक (रिंगचे दात भागिले सनचे दात) असतं आणि फिरण्याची दिशा तीच राहते. समजा सन ४० दातांचा, रिंग ७४ ची, तर २.८५. कॅरिअर जखडून रिंगमधून ताकद घेतली तर गुणोत्तर नुसतं रिंग भागिले सन, आणि दिशा उलटते. एकच बाह्यदाती जोडी असलेल्या साध्या गिअरबॉक्समध्येही दिशा उलटतेच. म्हणून प्रॉपेलर मागवायच्या आधी ई-शाफ्ट हाताने फिरवून प्रॉप-फ्लँज कुठे जातो ते डोळ्यांनी बघा, वैमानिकाच्या जागेवरून. माहितीपत्रकावर विसंबू नका.

आता खरा विषय, टॉर्शनल व्हायब्रेशन, म्हणजे शाफ्टला बसणारे पिळाचे हेलकावे. गिअरबॉक्सचे दात तुटतात, स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांबट खाचा) झिजतात, बोल्ट सैल होतात, तेव्हा लोक गिअरच्या पोलादाला दोष देतात. दात क्वचितच कमजोर असतात. त्यांच्यावर इंजिनाच्या सरासरी टॉर्कच्या कित्येक पट झटके बसत असतात, आणि ते टॅकोमीटरवर दिसत नाहीत, ऐकूही नीट येत नाहीत.

इंजिन आणि फ्लायव्हील हे एका बाजूचं जड चाक. प्रॉपेलर दुसऱ्या बाजूचं. मध्ये शाफ्ट, गिअर, जोडणी: हे सगळं मिळून एक स्प्रिंग. या जोडीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. इंजिनाचे झटके त्या वारंवारतेवर पडले की हेलकावे वाढतच जातात, यालाच रेझोनन्स म्हणतात. दोन रोटरच्या इंजिनात ई-शाफ्टच्या दर फेऱ्याला दोन झटके. म्हणजे १८०० ला ६० हर्ट्झ, ६००० ला २००, ७५०० ला २५०.

हिशेब करून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही मोजून घाला. इंजिन आणि फ्लायव्हीलचं जडत्व ०.१ किलोग्रॅम-मीटर वर्ग, हलक्या लाकडी किंवा कंपोझिट प्रॉपेलरचं ०.६. गिअरच्या पलीकडचं जडत्व इंजिनाला गुणोत्तराच्या वर्गाने भागून जाणवतं, म्हणजे २.८५ ला ०.६ भागिले ८.१, सुमारे ०.०७४. घट्ट जोडणीचा पिळाचा कडकपणा दर रेडियनला २०,००० न्यूटन-मीटर धरला तर नैसर्गिक वारंवारता १०९ हर्ट्झच्या आसपास येते. इंजिनाच्या भाषेत ३२७० आरपीएम. टॅक्सी करताना, उतरताना, धावपट्टीभोवतीच्या पॅटर्नमध्ये तुम्ही नेमके तिथेच असणार.

आता मध्ये मऊ डँपर घाला, दर रेडियनला १५००, म्हणजे दर अंशाला साधारण २६ न्यूटन-मीटर. वारंवारता ३० हर्ट्झवर उतरते, म्हणजे ९०० आरपीएमवर. इंजिन चालू होताना तिथून झर्रकन वर निघून जातं आणि उड्डाणात कधी तिथे येत नाही. डँपरचं काम हेलकावे शोषून घेणं एवढंच नाही. मुख्य काम आहे रेझोनन्स कामाच्या पट्ट्याच्या खाली ढकलणं. पूर्ण १९० न्यूटन-मीटरला हा डँपर सव्वासात अंश पिळतो. तेवढी जागा त्याला मिळायला हवी. त्याचा पीळ अडवणारे थांबे त्याआधीच लागले तर पूर्ण ताकदीला तुमची जोडणी पुन्हा घट्टच झाली, आणि मग डँपर आहे या भ्रमात तुम्ही उडाल. डँपर विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: कुठल्या टॉर्कला थांबे लागतात?

रोटरीच्या बाजूने एक चांगली गोष्ट. प्रत्येक रोटरचा पॉवर टप्पा ई-शाफ्टच्या २७० अंशांवर पसरलेला असतो आणि दोन रोटर १८० अंशांनी पुढेमागे. त्यामुळे थ्रॉटल उघडा असताना एक टप्पा संपायच्या आत दुसरा सुरू झालेला असतो. टॉर्क कमीजास्त होतो, पण उलटा फिरत नाही. चार सिलिंडरच्या पिस्टन इंजिनाला हे सुख नाही. पण थ्रॉटल बंद केला की हा फायदा संपतो. आयडलला टॉर्क शून्याच्या दोन्ही बाजूंना डुलतो, दात एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला आपटतात. तुम्ही विचारलेली खडखड ती हीच. रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांत २.२७ किंवा २.४३ चा गिअरबॉक्स कारखान्यातूनच येतो, आणि तिथेही स्प्रिंगने दाबलेला डॉग हब घालून हेच हेलकावे आवरले आहेत. कारखान्याला जे टाळता आलं नाही ते आपल्याला टाळता येईल असं मानू नये.

खडखडीचा पहिला इलाज आयडल वाढवणं. १३बीचं मोटारीतलं आयडल विमानात निरुपयोगी आहे. १८०० च्या आसपास ठेवा. २.८५ ला प्रॉपेलर ६३० ने फिरतो, टॅक्सीला त्रास होत नाही. त्यानंतरही खडखड राहिली तर इंधन आणि इग्निशन नीट जुळवा, कारण एक रोटर अधूनमधून चुकत असेल तर सगळं गणित बदलतं. कसं ते बघा. एक रोटर बंद पडला तर फेऱ्याला दोनाऐवजी एकच झटका. ३० हर्ट्झचा रेझोनन्स मग ९०० वर राहत नाही, १८०० वर येऊन बसतो. बरोबर तुमच्या आयडलवर. म्हणून थंड किंवा फ्लड झालेलं इंजिन एका रोटरवर धडधडत असेल तर त्याला तसंच तापू देऊ नका, बंद करा. आणि हवेत एक रोटर गेला तर धावपट्टीला टेकेपर्यंत फेरे २५०० च्या वर ठेवा.

धातूच्या प्रॉपेलरचं कारणही इथेच आहे. त्याचं जडत्व सहज दीड किलोग्रॅम-मीटर वर्गाच्या घरात जाऊ शकतं. मऊ डँपर असेल तर त्याने रेझोनन्स आणखी थोडा खालीच सरकतो, तेवढ्यापुरतं ठीक. पण धातूच्या पात्यांची स्वतःची कंपनं असतात, आणि तो प्रॉपेलर ज्या इंजिनासाठी तपासला गेला त्याचे झटके वेगळ्या वारंवारतेचे होते. तुमच्या जोडीवर ती पाती कुठे थरथरतील हे स्ट्रेन गेज चिकटवून मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय जायरोस्कोपिक भार. विमानाचं नाक सेकंदाला एक रेडियन वळलं तर २६३० आरपीएमला ०.६ चा प्रॉपेलर प्रॉप-शाफ्टवर १६५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा भार टाकतो, दीडचा ४१० च्या वर. गिअरबॉक्सची पुढची दोन बेअरिंगं जवळजवळ असतील तर हा फरक त्यांना चांगलाच कळतो. लाकूड किंवा कंपोझिट घ्या. फुकट मिळालेला प्रॉपेलर सगळ्यात महाग पडतो.

आता प्रत्यक्ष बसवणं. फ्लायव्हील किंवा काउंटरवेट ई-शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) चावीसह बसतं, वर ५४ मिलिमीटरचा नट. त्याला ३९२ ते ४९० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. लांब दांडा आणि फ्लायव्हील अडकवायची पट्टी आधी तयार ठेवा. टेपर कोरडा आणि स्वच्छ, नटाच्या बसणाऱ्या पृष्ठभागावर सीलंट, नाहीतर चावीच्या खाचेतून तेल झिरपत राहतं आणि तुम्ही उगाच मागचं ऑइल सील बदलत बसाल. काउंटरवेट तुमच्या रोटरांच्याच पिढीचं हवं. वेगवेगळ्या वर्षांच्या रोटरांची वजनं वेगळी आहेत, भंगारातून जमवलेल्या इंजिनात हा घोळ हमखास सापडतो.

मग अॅडॉप्टर प्लेट. १३बीचं मागचं हाऊसिंग बिडाचं आणि प्लेट बहुधा अॅल्युमिनिअमची. ३०० मिलिमीटर अंतरावर ७० अंश तापमानवाढीला दोघांच्या प्रसरणात पाव मिलिमीटरचा फरक पडतो. डाऊल पिना (प्लेटची जागा पक्की करणाऱ्या) शाफ्टच्या दोन बाजूंना समोरासमोर असतील तर प्लेट दोन्हीकडे सारखी वाढते आणि मध्य जागेवर राहतो. दोन्ही पिना एकाच अंगाला असतील तर गरम झाल्यावर मध्यच सरकतो. ही बारीक गोष्ट मी प्लेट हातात घेतल्यावर सगळ्यात आधी बघतो.

प्लेट आणि बेलहाऊसिंग पूर्ण टॉर्कला कसा, स्पार्क प्लग काढा, डायल गेजचं चुंबकी बूड फ्लायव्हीलवर आणि टोक बेलहाऊसिंगच्या बोअरमध्ये लावून ई-शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. चार ठिकाणी आकडे लिहा, पुन्हा फिरवा, पुन्हा लिहा. दोन्ही वेळा तेच आकडे आले तरच मोजमाप खरं. मोटारीच्या गिअरबॉक्सला एकूण ०.१३ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. इथे मी ०.०५ च्या आत आल्याशिवाय पुढे जात नाही. लक्षात ठेवा, डायलवर दिसतो तो फरक केंद्राच्या सरकण्याच्या दुप्पट असतो. दुरुस्तीची ऑफसेट डाऊल पिन निवडताना निम्मा आकडा धरा. बोअर झाल्यावर समोरचा सपाट चेहराही तसाच तपासा. इथला तिरकसपणा पुढे स्प्लाइनला खातो: काही तासांत तिथे गेरूसारखी लालसर पूड दिसू लागते. ती दिसली तर ग्रीस भरून विषय संपवू नका, सगळं उतरवून पुन्हा डायल लावा.

याहून महत्त्वाची तपासणी ई-शाफ्टच्या एंड प्लेची, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. गिअरबॉक्स लावायच्या आधी डायल ई-शाफ्टच्या टोकावर लावा, शाफ्ट पुढेमागे ढकलून बघा: ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर यायला हवा, ०.०९ ही शेवटची मर्यादा. आता गिअरबॉक्स पूर्ण कसून पुन्हा मोजा, या वेळी डायल पुलीच्या बाजूने. आकडा तोच आला पाहिजे. कमी आला किंवा शून्य झाला, तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट किंवा डँपरचा हब ई-शाफ्टला पुढे दाबतोय. ई-शाफ्टचं थ्रस्ट बेअरिंग पुलीच्या बाजूला, लहानसं, आणि प्रॉपेलरची ओढ सोसण्यासाठी ते कधीच बनवलेलं नव्हतं. ती ओढ संपूर्णपणे गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगने घ्यायची असते. मोटारीतून आलेले प्लॅनेटरी गिअर तिरक्या दातांचे असतात, त्यामुळे ताकद देताना सन गिअर एका दिशेला सरकतो आणि थ्रॉटल बंद केला की दुसऱ्या. त्याला दोन्ही बाजूंनी थ्रस्ट वॉशर हवेत आणि दोन्हींना थोडी मोकळीक. जाता जाता: पुलीचा मधला बोल्ट सैल करायची वेळ आली तर इंजिन उभं, पुली वर करून ठेवा. आडव्या इंजिनात आतलं सुईचं थ्रस्ट बेअरिंग घसरून खाली येतं आणि पुन्हा कसताना स्पेसरखाली चिरडतं.

बोल्टांवर किती भार येतो याचाही अंदाज घ्या. इंजिनाचे १९० न्यूटन-मीटर २.८५ ने गुणले की प्रॉपेलरला ५४१. दिशा तीच असेल तर गिअरबॉक्सच्या हाऊसिंगवर या दोहोंतला फरक येतो, ३५१. दिशा उलटणाऱ्या २.१७ च्या बॉक्समध्ये बेरीज येते: ४१२ अधिक १९०, म्हणजे ६०२. गुणोत्तर कमी आणि बोल्टांवर भार जास्त, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इंजिन माउंटला मात्र दोन्ही वेळा प्रॉपेलरचाच पूर्ण टॉर्क सोसायचा आहे. मोटारीचे रबर माउंट या भारासाठी निवडलेले नसतात. तेच उचलून लावू नका. गिअरबॉक्सचं वजन नाकाच्या टोकाला आहे, तेव्हा गुरुत्वमध्याचा हिशेबही नव्याने करा.

तेल. गिअरबॉक्सला इंजिनाचंच तेल, बारीक छिद्राच्या रिस्ट्रिक्टरमधून. आत जाणारं तेल थोडं, बाहेर येण्याची वाट मोठी. परतीची नळी जाड, सतत उताराची, कुठेही झोळ नसलेली, आणि सम्पमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी. जमिनीवर विमान उभं असताना तेल छान परत येतं म्हणून फसू नका. नाक वर चढणीच्या कोनात करूनही बघा. बॉक्समध्ये तेल साचलं की गिअर ते घुसळतात, फेस होतो, तापमान चढतं. एरवीही दीड टक्का ताकद उष्णतेत जाते असं धरलं तर १५० किलोवॅटला सव्वादोन किलोवॅट होतात, आणि रोटरीचं तेल आधीच रोटर थंड करण्यात गुंतलेलं असतं. ऑइल कूलर काठावर निवडला असेल तर हा भार त्याला पेलणार नाही. ड्रेनमध्ये चुंबकी प्लग हवाच.

पहिल्यांदा चालवताना विमान घट्ट बांधा, प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कुणी उभं राहणार नाही हे बघा, आणि गिअरबॉक्सवर एक अॅक्सेलरोमीटर चिकटवा. साधा लॅपटॉप पुरतो. आयडलपासून वर दोनशे-दोनशेने जा आणि दर टप्प्यावर फेऱ्याच्या दुप्पट वारंवारतेची रेघ किती उंच आहे ते लिहून ठेवा. तिचा कुठे डोंगर झाला तर तो तुमच्या जोडीचा रेझोनन्स असण्याची दाट शक्यता. १२०० च्या खाली असेल तर ठीक. १८०० च्या वर असेल तर थांबा, डँपर बदला. तो पट्टा टाळून उडता येईल असा विचारही नको, कारण उतरताना थ्रॉटल कुठे असेल हे वारा ठरवतो.

दहा तास जमिनीवर चालवल्यावर बॉक्स एकदा उघडा, सगळं नीट वाटत असलं तरी. दातांवर घासल्याची चमक रुंदीभर सारखी पसरलेली हवी. एका कडेलाच असेल तर हाऊसिंग तिरकं आहे. दाताच्या दोन्ही अंगांना सारखीच चमक असेल तर आयडलची आपटाआपट अजून गेलेली नाही, आयडल आणखी दोनशेने वाढवून बघा. डँपरचं रबर किंवा पॉलियुरेथेन नखाने दाबून बघा, कडांना भुगा सुटतोय का तेही. ऑइल फिल्टर कापून कागद उलगडा आणि चुंबक फिरवा. बारीक राखाडी लेप सुरुवातीला येतोच. चकाकणारी कणी एक जरी सापडली तरी ती कुठल्या भागाची आहे हे कळेपर्यंत बॉक्स परत बंद करू नका.